तटाच्या आत की बाहेर?

दोन वर्षांपूर्वी नातीला घेऊन एका डोंगरी किल्ल्यावर गेलो होतो. वाटाड्या म्हणून मिळालेला पोरगा चुणचुणीत होता. दिंडी दरवाजा, पाण्याची टाकी, दारूकोठार, सगळे भरभर दाखवत होता. "आपले मावळे तटाच्या आत आणि मुसलमान बाहेर" हे वाक्य तासाभरात त्याच्या तोंडून चार-पाच वेळा आले. त्याच्या मनात काळेबेरे नव्हते. आम्हाला पाणी आणून दिले, उतरताना माझा हात धरला. जे ऐकले तेच तो सांगत होता. पण पायथ्याशी आल्यावर नातीने विचारले, "नाना, आपण तटाच्या आत होतो की बाहेर?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. तयार उत्तरे दोन होती. आपल्या घराघरांत, बैठकांत, भाषणांत ती गेली कित्येक वर्षे फिरत आहेत. पहिले उत्तर असे, की आपण बाहेर होतो आणि त्याची लाज कसली? आपण राज्यकर्ते होतो, मलिक-ए-मैदान आपली. दुसरे उत्तर असे, की आपण आतच होतो, ही बघा शिवरायांच्या पदरी असलेल्या मुसलमान सरदारांची यादी. मला ही दोन्ही उत्तरे खोटी वाटतात, आणि ती का खोटी आहेत हे आपल्याच माणसांना सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. साक्षीला मी एक हत्यार घेतले आहे. ते कोणाच्याच अभिमानात बसत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना त्याचा विसर पडला आहे. त्याचे नाव जेजाल.

जेजाल म्हणजे तटावरची थोराड बंदूक. हातातल्या बंदुकीपेक्षा मोठी आणि तोफेपेक्षा लहान. नळी माणसाच्या उंचीपेक्षा लांब, वजन असे की खांद्याला लावून उडवणे एकट्यादुकट्याचे काम नाही. म्हणून ती तटाच्या चर्येवर किंवा तिकाटण्यावर टेकवायची, खुंटीवर फिरवायची, रंजक भरायची आणि जळत्या तोड्याने बत्ती द्यायची. युरोपात पंधराव्या शतकात अशाच बंदुकांच्या नळीखाली लोखंडी आकडा ठेवीत. तो तटाच्या कडेला अडकवला की बार उडताना बसणारा धक्का माणसाऐवजी भिंत सोसायची. आपल्याकडे उंटावरून उडवायची ती शुतरनाळ, हत्तीवरून उडवायची ती गजनाळ, फिरत्या खिळीवर बसवलेला तो जंबुरा आणि तटावरची ती जेजाल. ही सगळी एकाच घरातली भावंडे.

डोंगरी किल्ल्याला तिचा उपयोग मोठ्या तोफेपेक्षा जास्त. मोठी तोफ गडावर चढवायची म्हणजे शेकडो माणसांचे आणि बैलांचे कंबरडे मोडायचे. ती बुरुजावर चढली तरी बार भरायला वेळ खाते, आणि अगदी पायथ्याशी आलेल्या माणसावर तिचे तोंड वळत नाही. गड घ्यायला आलेला शत्रू तर पायथ्याशीच येतो. शिड्या लावतो, मोर्चे खणतो, तटाखाली सुरुंग पोखरतो. त्याला तिथे टिकू न देणे हे काम जंग्यांमधून डोकावणाऱ्या साध्या बंदुका आणि चर्येवरच्या जेजाला करीत. जेजाल राज्य जिंकून देत नाही. आत बसलेल्यांचा जीव आणखी एक रात्र वाचवते. आत कोण बसलेले असते? राजा क्वचितच. किल्लेदार, शिबंदी, त्यांची बायकापोरे, भिस्ती, लोहार, कामाठी, आणि आसऱ्याला आलेली रयत.

आता नातीचा प्रश्न अहमदनगरच्या तटावर नेऊन बघा. १५९५ च्या अखेरीस शहजादा मुराद आणि अब्दुर्रहीम खानखानान यांच्या मोगल फौजेने नगरच्या भुईकोटाला वेढा घातला. आत होती हुसेन निजामशहाची लेक आणि अली आदिलशहाची विधवा चांदबीबी. मोगलांनी तटाखाली सुरुंग भरले. आतल्यांनी त्यांतले काही हुडकून दारू काढून टाकली, पण एक उडाला आणि फेब्रुवारी १५९६ मध्ये तटाला मोठे खिंडार पडले. चांदबीबी स्वतः खिंडारापाशी उभी राहिली. हल्ला परतवला आणि रात्रीतून खिंडार बुजवून घेतले. गोळ्या संपल्यावर तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफांत भरून डागली अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवा. वेढा टिकला आणि मोगलांना वऱ्हाडावर समाधान मानून तह करावा लागला, एवढे पक्के आहे. मग आता सांगा, मुसलमान आत होता की बाहेर? बाहेर मुराद आणि खानखानान, आत चांदबीबी, आणि तिच्या फौजेत दख्खनी, हबशी, मराठे सगळेच. चार वर्षांनी, १६०० साली, तिला मारले ते बाहेरच्या मोगलांनी नव्हे. फितुरीचा आळ घेऊन आतल्याच लोकांनी मारले. "आत" आणि "बाहेर" या शब्दांवर ज्यांचा फार भरवसा आहे त्यांनी हे मरण लक्षात ठेवावे.

पुढे सत्तर वर्षांनी पुरंदरावर या. १६६५ साली औरंगजेबाचा सेनापती मिर्झाराजा जयसिंग पुरंदर आणि वज्रगडाला भिडला. जयसिंगाने डोंगरावर ओढून चढवलेल्या तोफांतल्या एकीचे नाव अब्दुल्लाखान, दुसरीचे फत्तेलष्कर. त्याच्या तोफखान्यात निकोलाव मनुची नावाचा इटालियन होता. एक राजपूत राजा, मोगल बादशहाच्या पगारावर, एका ख्रिस्ती गोलंदाजाला हाताशी धरून, अब्दुल्लाखान नावाची तोफ शिवाजी महाराजांच्या किल्ल्यावर डागतो आहे. या तोफेला कोणता धर्म चिकटवणार? त्याआधी पाच वर्षे, १६६० साली, सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज आपले निशाण फडकवत त्याच्या बाजूने गडावर गोळे फेकायला गेले होते. महाराजांनी पुढल्या वर्षी राजापूर मारून त्या इंग्रजांना कैद केले. व्यापारी म्हणून आला आहात तर व्यापारी राहा, हा त्यातला धडा होता.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र खांदेरी-उंदेरीचे. मुंबईच्या तोंडाशी, थळच्या समुद्रात ही दोन बेटे एकमेकांसमोर आहेत. १६७९ साली महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला. इंग्रजांना ते खपले नाही. त्यांच्या जहाजांशी समुद्रात झुंजला तो महाराजांच्या आरमाराचा दौलतखान. इंग्रजांच्या मदतीला मोगलांच्या वतीने आला तो जंजिऱ्याचा सिद्दी कासम. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने समोरच्या उंदेरीवर तोफा चढवल्या, आणि दोन बेटांवरून एकमेकांवर गोळे सुटू लागले. समुद्राच्या एका चिंचोळ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कलमा पढणारी माणसे होती. ती एकमेकांची भाऊबंद नव्हती आणि वैरीही नव्हती. एकाने एका धन्याचे मीठ खाल्ले होते, दुसऱ्याने दुसऱ्याचे.

इथे आपल्यातला एखादा विद्वान उठून म्हणेल, "मग दौलतखानाचे नाव यादीत आहेच की!" त्या यादीबद्दल आता थोडे स्पष्ट बोलतो, कारण माझा मुख्य राग तिच्यावर आहे.

शिवजयंती जवळ आली की आपल्या मोहल्ल्यांत ही यादी निघते. नूरबेग, सिद्दी हिलाल, दौलतखान, काझी हैदर ही कागदांत सापडणारी नावे. मग त्यांच्या मागोमाग, दरवर्षी थोडी वाढत जाणारी, अस्सल कागदात कुठे मिळतात ते यादी वाटणाऱ्यालाही ठाऊक नसलेली नावे. सैन्यातल्या मुसलमानांचे शेकडा प्रमाणही कोणी छापतो. ते कोणत्या हजेरीपटावरून काढले हे कोणी सांगत नाही. मी दोन गोष्टी विचारतो. एक, खोटे नाव घालून खरे नाव बळकट होते की कमकुवत? दौलतखान कागदात आहे. त्याच्या शेजारी कल्पित सरदार बसवला की उद्या कोणी त्या कल्पिताला खोटे पाडील आणि दौलतखानही त्याच्याबरोबर बुडेल. दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. आपण ही यादी इतिहास म्हणून दाखवतो की चारित्र्याचा दाखला म्हणून? शेजारच्या मराठ्याला, माळ्याला, ब्राह्मणाला कोणी विचारत नाही की तुझा पूर्वज आत होता का. मोगलांच्या आणि आदिलशाहीच्या चाकरीत राहिलेली मोठमोठी मराठा घराणी आहेत. त्यांच्या वंशजांना दाखला मागत नाहीत, आणि मागूही नये. मग आपणच हात जोडून दाखला का पुढे करतो? मागणाऱ्याचा मागण्याचा हक्क आपण त्याच क्षणी मान्य केलेला असतो. यादीतला काझी हैदर पुढे औरंगजेबाकडे गेला आणि तिथे मोठ्या पदाला चढला. नेताजी पालकर मोगलांकडे जाऊन मुहम्मद कुलीखान झाला आणि १६७६ मध्ये परत आला. त्या काळची माणसे अशी येत-जात होती. त्यांच्या जाण्यायेण्यावर आपल्या नातवंडांचे नागरिकत्व टांगू नका.

आता दुसऱ्या उत्तराकडे, मलिक-ए-मैदानवाल्यांकडे. विजापूरच्या शेरझा बुरुजावरची ती पंचधातूची तोफ मीही पाहिली आहे. लांबी साडेचार मीटरच्या आसपास, तोंड इतके रुंद की आत माणूस बसावा. तोंडाला सिंहाचा जबडा आणि जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. वजन पंचावन्न टन सांगतात. ऊर भरून येतो, खोटे कशाला बोलू? पण तिची कुंडली वाचा. ती विजापूरची नव्हेच. १५४९ साली बुऱ्हाण निजामशहासाठी ती ओतली नगरला, आणि ओतणारा मुहम्मद हा रूमी, म्हणजे तुर्की मुलखातला कारागीर. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली. १६३२ मध्ये तिथून विजापूरला आणली आदिलशाहीच्या मुरारपंताने, म्हणजे एका ब्राह्मण मुत्सद्द्याने. तिची जोडीदार कडक बिजली वाटेत नदीत बुडाली असे सांगतात. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले आणि तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरून घेतला. तो विजय कोणावर? एका मुसलमान सुलतानावर. आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी ही 'रणांगणाची राणी' मोडीच्या लिलावात काढली, तेव्हा बोली आली दीडशे रुपयांची! अधिकाऱ्याला ती रक्कम फार कमी वाटली म्हणून लिलाव रद्द झाला आणि तोफ वाचली. आपल्या अभिमानाची किंमत बाजारात दीडशे रुपये ठरली होती आणि ती वाचली ती परक्याच्या हिशेबामुळे, हे लक्षात ठेवून मग काय तो अभिमान बाळगावा.

शहांची तोफ आपली कशी? नगरच्या दरबारातली किती माणसे तुमच्या-माझ्या घराण्यात होती? आपल्यातली बहुतेक माणसे त्या तोफेला ओढणाऱ्यांची, तिला दारू कुटून देणाऱ्यांची, तिच्या बाराने बहिरे झालेल्यांची मुले आहेत. आपली आडनावे उघडून बघा. गोलंदाज, शिकलगार, नायकवडी, जमादार, किल्लेदार. शिकलगार म्हणजे तलवारींना पाणी-धार देणारा. गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. ही आडनावे राजवाड्यातली नाहीत. तटावरची आहेत, भट्टीवरची आहेत. १८१८ नंतर गड ओस पडले, शिबंद्या मोडल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने साध्या माणसाच्या हातातले हत्यारही गेले. धार लावणाऱ्याच्या हातात कात्र्या-विळ्या राहिल्या. आज हीच माणसे मागासवर्गीय दाखल्यासाठी कचेरीच्या ओट्यावर बसतात, आणि आपले पुढारी व्यासपीठावरून त्यांना शहेनशहांच्या गोष्टी सांगतात! हा विनोद आता पुरे.

या कारागिरांची योग्यता परक्यांनी ओळखली होती. १५१० मध्ये आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला. तिथे बंदुका घडवणारे लोक त्याला मिळाले, आणि त्यांचे काम बोहेमियाच्या तोडीचे आहे असे त्याने पोर्तुगालच्या राजाला कळवले. बोहेमिया म्हणजे त्या काळी युरोपातले नावाजलेले बंदुकघर. त्या गोवेकर कारागिरांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. तोफांना नावे आहेत, अब्दुल्लाखान, कलाल बांगडी, लांडा कासम. तोफ घडवणाऱ्या आणि डागणाऱ्या हजारोंना नाव नाही.

आक्षेप येईल की, हे सगळे गोड बोलणे झाले, राजे तर धर्माच्या नावाने लढत होते. होय, लढत होते. धर्माची भाषा वापरीत, गाझी म्हणवून घेत, देवळे पाडल्याचे लेख कोरीत. हे नाकारणारा लेखक मी नव्हे. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या स्वाऱ्यांनी कोकणातल्या रयतेचे हाल केले हेही खरे, आणि ते झाकून आपली इभ्रत वाढत नाही. पण राजाची घोषणा आणि गोलंदाजाची चाकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजाचा पापपुण्याचा हिशेब गोलंदाजाच्या पोरांकडून चारशे वर्षांनी वसूल करणे हा अन्याय आहे, आणि राजाची मिरास त्या पोरांनी आपली म्हणून मिरवणे हा वेडेपणा आहे. दोन्ही एकाच चुकीतून येतात. तोफ राजाची मानली जाते.

चाकरी कशाला म्हणतात ते पानिपतावर दिसले. इब्राहिमखान गारदी निजामाच्या फौजेतून आला, फ्रेंच कवायत शिकलेला. १७६१ च्या १४ जानेवारीला त्याच्या गारद्यांनी आणि तोफखान्याने अब्दालीच्या उजव्या फळीची दाणादाण उडवली. समोर अब्दाली होता, नजीबखान होता. दीनच्या नावाने बोलावणे सोपे होते. तो भाऊंच्या बाजूने उभा राहिला, जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. त्याला 'आपल्यातला देशभक्त' म्हणून मिरवू नका, 'अपवाद' म्हणून तर अजिबात नको. तो आपल्या कामाशी आणि खाल्लेल्या मिठाशी इमान राखणारा लष्करी माणूस होता. एवढे म्हटले की त्याचा पुरता मान राहतो.

मराठी भाषेने तर हा वाद कधीच मिटवला आहे. जुन्या मराठीत तोफेला 'भांडे' म्हणत. घरातलेही भांडे, बुरुजावरचेही भांडे. मग तुर्कीतून तोफ आली, फारसीतून गोलंदाज, तोफखाना, मोर्चा, शिबंदी आले, अरबीतून बुरूज आला. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्याकडे तेच बंदुकीत गेले. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. राज्यकर्त्याचा तो अधिकार होता. तरी गडावरची माणसे तोफेला तोफ आणि बुरुजाला बुरूजच म्हणत राहिली. आज जे लोक मराठीतून 'परके' शब्द हुसकावू बघतात त्यांनी एकच करावे, यातला एकही शब्द न वापरता रायगडाचे वर्णन करून दाखवावे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. रायगड, राजगड, शिवनेरी, पन्हाळा, विजयदुर्ग, खांदेरी, आणि तमिळनाडूतला जिंजी. मला आनंद झाला, आणि माझ्या माणसांनीही तो मोकळ्या मनाने मानावा. त्याच वेळी लक्षात ठेवावे की शिवनेरी निजामशाहीचा होता, पन्हाळ्याच्या तीन दरवाजावर आदिलशाही फारसी लेख आहे, आणि खांदेरीच्या लढाईत दौलतखान आहे. या गडांवर आता फलक लागतील, पुस्तिका निघतील, वाटाड्यांना शिकवले जाईल. तिथे आपण काय मागणार? 'आमच्या शहाचे नाव घाला' म्हणून भांडणार की 'आमच्या सरदारांची यादी लावा' म्हणून?

माझी मागणी लहान आहे. फलकावर लिहा की या बुरुजावर जेजाला होत्या, त्या कशा उडवत, किती माणसे लागत. त्यांना कोणी घडवले, दारू कोणी कुटली, गोळे कोणी वाहिले, त्या जातीजमातींची नावे घाला. त्यांत मराठे येतील, महार, रामोशी, कोळी, भंडारी येतील, मुसलमान येतील, हबशी येतील, फिरंगीही येतील. कोणाला वगळावे लागणार नाही. आणि आपण घरी बसून एक काम करू. ज्यांच्या घरात गोलंदाज, शिकलगार, जमादार अशी आडनावे आहेत त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून ठेवावे, आपले मूळ गाव कोणते, कोणत्या गडाखालचे, इनामाचा एखादा जुना कागद ट्रंकेत आहे का, मोडीतला असला तरी चालेल. सापडले ते लिहून ठेवावे, नाही सापडले तर बनवू नये.

नातीला मी नंतर उत्तर दिले. म्हटले, "बेटा, आपण तटावर होतो. कधी या तटावर, कधी त्या." ती म्हणाली, "मग त्या दादाला का नाही सांगितलंत?" तिचे बरोबर होते. येत्या हिवाळ्यात पुन्हा त्या गडावर जायचे आहे. तो वाटाड्या भेटला तर त्याला चर्येवरची जेजालेची जागा दाखवणार आहे.